विष्णुपुरीची प्रयोगशाळा आणि रूप बदलणारी बुरशी

परीक्षानळीत थोडं मानवी सीरम घ्या. त्यात कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीचा टाचणीच्या टोकाएवढा कण मिसळा आणि नळी ३७ अंशांवर ठेवून द्या. दोन-तीन तासांनी एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मघाशी अंड्याच्या आकाराच्या, सुट्यासुट्या दिसणाऱ्या पेशींना आता लांब कोंब फुटलेले असतात. लातूरच्या किंवा नांदेडच्या लॅबमधला टेक्निशियन हे बघून चकित होत नाही. 'जर्म ट्यूब पॉझिटिव्ह' असा शेरा लिहून तो पुढचा नमुना घेतो. रोजचंच काम ते.

पण जरा थांबून विचार केला तर ही गोष्ट थक्क करणारी आहे. मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाएवढी ही पेशी. तिला डोळे नाहीत, मेंदू नाही. तरी आजूबाजूची ऊब आणि रसायनं चाचपून ती ओळखते की आपण माणसाच्या शरीरात आहोत, आणि त्यानुसार स्वतःचं रूप बदलते.

कॅन्डिडा जिवाणू नाही, बुरशी आहे. कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात ती निमूट राहते. अँटिबायोटिकने शेजारचे जिवाणू साफ झाले, मधुमेह हाताबाहेर गेला किंवा रोगी आयसीयूत नळ्या लावून पडला, की तिला मोकळं रान मिळतं. तान्ह्या बाळाच्या जिभेवर येणारे पांढरे चट्टे तिचेच. जुन्या दवाखान्यांत त्यावर जेन्शन व्हायोलेटचं जांभळं औषध लावत आणि बाळाचं तोंड चार दिवस रंगलेलं असे. चट्टे हा तिचा सौम्य अवतार. कोंबाचा लांब तंतू झाला की ती ऊतींत घुसते. तिला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही आतून भोसकून ती बाहेर येऊ शकते. या तंतूंमधून एक विषही स्रवतं, हे २०१६ साली कळलं. कॅन्डिडालायसिन त्याचं नाव.

आणि ती एकटी राहत नाही. कवळीवर, लघवीच्या नळीवर, हृदयाच्या कृत्रिम झडपेवर आधी काही पेशी चिकटतात. त्यांच्यातून तंतू फुटतात, तंतूंचं जाळं विणलं जातं आणि वर चिकट आवरण चढतं. एक-दोन दिवसांत पक्की वस्ती तयार. हिला बायोफिल्म म्हणतात.

बायोफिल्मची पहिली ओळख जिवाणूंमुळे झाली. सतराव्या शतकात लेवेनहूकने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. दातांवरचा थर हा बायोफिल्मच. पण पुढे सूक्ष्मजीवशास्त्राची सगळी घडण फ्लास्कमध्ये सुटे तरंगणारे जिवाणू वाढवण्यावर झाली. औषधांचे डोसही त्याच तरंगत्या जिवाणूंवर ठरले. निसर्गात बहुतेक जिवाणू कशाला तरी चिकटून, समूहाने राहतात, हे बिल कॉस्टर्टन यांनी १९७८च्या सुमारास ठासून मांडायला सुरुवात केली. लातूरकरांना हे सांगायला कॉस्टर्टनची गरज नव्हती म्हणा. २०१६च्या दुष्काळी उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा या शहरातल्या घराघरांत पिंपं भरून ठेवलेली होती, आणि पिंपाच्या आतल्या अंगाला लागणारा बुळबुळीत थर घासून काढताना कितीजणांची बोटं दुखली असतील! तो थर पाण्याने नुसता विसळून जात नाही, ही बायोफिल्मची पहिली खूण.

शरीरातही तेच. सुट्या पेशींना मारणारा औषधाचा डोस वस्तीतल्या पेशींना बहुधा पुरत नाही. कॅन्डिडाच्या पक्क्या बायोफिल्मला फ्लुकोनॅझोलसारखं औषध कित्येक पट जास्त लागतं, काही वेळा हजार पटींपर्यंत. एवढं औषध माणसाला देणं शक्यच नसतं. म्हणून ताप उतरतो, पुन्हा चढतो, आणि शेवटी डॉक्टर नळीच काढायला सांगतात. जुनाट संसर्गाचं कोडं बरंचसं इथेच दडलेलं आहे. जंतू औषधाला सरावतो असं आपण म्हणतो, पण कित्येकदा जंतू तोच असतो आणि फक्त त्याची राहणी बदललेली असते.

या राहणीवरच बोट ठेवणारं काम नांदेडात झालं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि आजचा हिंगोली एवढा त्याचा पसारा. त्याचं आवार गोदावरीकाठच्या विष्णुपुरीत आहे. तिथल्या स्कूल ऑफ लाइफ सायन्सेसमध्ये डॉ. एस. मोहन करुप्पयिल यांनी आणि जयंत राऊत, रविकुमार शिंदे, नितीन चौहान यांसारख्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं कॅन्डिडाचाच पिच्छा पुरवला. ती मरते का, एवढ्यावर त्यांचा प्रश्न थांबला नाही. तिला चिकटण्यापासून, कोंब फुटण्यापासून आणि वस्ती करण्यापासून अडवता येतं का, हे त्यांना बघायचं होतं.

अशा प्रयोगांना फार महागडी यंत्रं लागत नाहीत. तळहातावर मावेल अशी ९६ खळग्यांची प्लास्टिकची थाळी असते. प्रत्येक खळग्यात बुरशी वाढवायची आणि तपासायच्या रसायनाची मात्रा बदलत जायची. मग एक रंगद्रव्य घालायचं, जे जिवंत पेशीच बदलू शकतात. रंग जितका गडद, तितक्या जास्त पेशी जिवंत. हे पुन्हा पुन्हा, महिनोन् महिने. बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल, पण एखाद्या दिवशी एखादा खळगा फिका पडलेला दिसतो आणि त्या दिवशी जेवणाची शुद्ध राहत नसावी.

त्यांच्या शोधनिबंधांवर नजर टाकली तर कुतूहलाचा प्रवास दिसतो. २०११ साली त्यांनी इथाइल अल्कोहोल तपासलं. साखर आंबवताना कॅन्डिडा स्वतःच मद्य आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करते, आणि ही दोन्ही तिच्याच रूपांतरात ढवळाढवळ करतात. २०१२ साली वेगवेगळ्या कृत्रिम अवयवांच्या साहित्यावर तिची वस्ती कशी, किती वेगाने होते, याचा अभ्यास आला. २०१३ साली तर चक्क क्लोरोक्विन आलं. मराठवाड्यात हिवतापासाठी जी गोळी पिढ्यान् पिढ्या गिळली गेली, तीच. तिच्या सोबतीने बुरशीविरोधी औषधं बायोफिल्मवर जास्त परिणामकारक ठरतात, असं त्यांनी दाखवलं. जुन्या, स्वस्त औषधाला नवं काम देण्याची ही कल्पना मला या साऱ्या कामात सर्वांत हुशारीची वाटते.

पण माझं मन अडकतं ते त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात. वनस्पतींमधली टर्पिनॉइड वर्गातली २८ रसायनं घेऊन त्यांचा कोंबांवर, चिकटण्यावर आणि बायोफिल्मवर काय परिणाम होतो, हे त्यात तपासलं होतं. पुदिन्यातलं मेंथॉल, लिनालूल, नेरॉल, कार्व्होन अशी सुगंधी मंडळी त्या यादीत होती. त्यांच्यातच बसलेलं एक नाव म्हणजे फार्नेसॉल.

या फार्नेसॉलची कथा ऐकण्यासारखी आहे. जिवाणू एकमेकांशी रसायनांतून संपर्क ठेवतात, हे १९७० साली नीलसन आणि हेस्टिंग्ज यांनी समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंवरून दाखवलं होतं. प्रत्येक पेशी थोडं रसायन सोडते. गर्दी वाढली की रसायन साचतं, ठरावीक पातळी गाठतं आणि सगळे जिवाणू एकदम उजळतात. बुरशीसुद्धा असं करते का? २००१ साली नेब्रास्का विद्यापीठात केनेथ निकरसन यांच्या गटाला उत्तर सापडलं. कॅन्डिडाची गर्दी झाली की ती फार्नेसॉल सोडते, आणि तो निरोप पोचलेल्या पेशी कोंब काढायचं थांबवतात. आता गंमत बघा. हाच रेणू सिट्रोनेलाच्या तेलात आहे, अत्तरांत आहे, देवबाभळीच्या पिवळ्या फुलांतही आहे. बुरशी आपसात ज्या रसायनाने बोलते, तेच झाडं फुलांच्या वासात सोडतात!

इथे सांभाळायलाही हवं. थाळीत चाललं म्हणजे अंगात चालेल, असं नसतं. पुदिन्याचा अर्क किंवा लवंगेचं तेल पिऊन आतला संसर्ग जाईल, असं या निबंधांनी म्हटलेलं नाही. फार्नेसॉलचंच बघा. थाळीत ते कॅन्डिडाला शांत करतं, पण नेब्रास्काच्याच गटाने २००७ साली बुरशीचा संसर्ग झालेल्या उंदरांना ते दिलं तेव्हा उंदीर जास्त मेले. बुरशीचा निरोप यजमानाच्या पेशींपर्यंतही पोचतो आणि तिथे त्याचा अर्थ वेगळाच लागतो, असं दिसतं.

आणखी एक पात्र आहे. स्यूडोमोनस हा जिवाणू, जळालेल्या जखमांत आणि आजारी फुप्फुसांत ठाण मांडणारा. त्याची आणि कॅन्डिडाची गाठ पडली की काय होतं, हे २००२ साली डेबोरा होगन आणि रॉबर्टो कोल्टर यांनी पाहिलं. जिवाणू बुरशीच्या तंतूंवर चढून बायोफिल्म करतो आणि त्यांना मारतो. अंडाकृती पेशींना मात्र तो धक्का लावू शकत नाही. पुढे असंही दिसलं की स्यूडोमोनसचा स्वतःचा निरोप-रेणू कॅन्डिडाला कोंब काढण्यापासून रोखतो. म्हणजे शत्रूचं बोलणं कानावर पडलं की बुरशी सुरक्षित रूपात राहते. रोग्याच्या एका जखमेत असं राजकारण चालू असतं आणि आपण फक्त पट्टी बदलत असतो.

करुप्पयिल पुढे कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात गेले. राऊत यांच्यासोबत त्यांनी २०१४ साली लिहिलेला सुगंधी तेलांच्या औषधी गुणांचा आढावा जगभरच्या निबंधांत संदर्भ म्हणून सतत भेटतो. आणि उंदरांनी दिलेल्या धड्यानंतर एक वाट जास्त सयुक्तिक वाटते: फार्नेसॉलसारखे रेणू रक्तात सोडायचेच नाहीत, ते नळीच्या प्लास्टिकवर लावायचे, म्हणजे पहिली पेशी चिकटायच्या आधीच अडेल. त्यासाठी कोणत्या प्लास्टिकवर ती किती तासांत घट्ट बसते हे आधी माहीत हवं, आणि ते तास विष्णुपुरीत २०१२ सालीच मोजले गेले आहेत.