सोंगाचा हक्क

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात, आणि घाटावर पेठ-सुरगाण्याकडेही, होळी उलटल्यापासून मृगाची चाहूल लागेपर्यंतच्या, शेतीच्या कामांतून मोकळ्या झालेल्या दिवसांत, कोणत्या ना कोणत्या गावी रात्रभर संबळाचा नाद घुमत असतो. हा बोहाडा, काही गावी याला भवाडा म्हणतात. मुखवटे घातलेली देव-दानवांची सोंगे एकामागून एक नाचत येतात, एवढे वर्णन पुस्तकांतून आढळते आणि ते खरेही आहे. परंतु नाचतात ते कोण आणि पाहतात ते कोण, हा प्रश्न त्या वर्णनात बाजूला राहतो, आणि माझ्या मते बोहाड्याचे सारे मर्म त्या प्रश्नातच आहे.

मोखाडा तालुक्यातील एका गावी मी हा उत्सव जवळून पाहिला. गावाची मुख्य गल्ली हीच तेथील रंगभूमी. तिच्या एका टोकाला सोंगे सजण्याचे घर, दुसऱ्या टोकाला देवीचे ठाणे, आणि मधल्या ओट्यांवर, पडव्यांत, बैलगाड्यांच्या साट्यांवर दाटीने बसलेली माणसे. विजेचे दिवे आले असले तरी सोंगापुढे टेंभा धरण्याचा रिवाज या गावाने सोडलेला नाही. प्रथम गणपती आला, त्यामागून मोरावर बसलेली शारदा आणि मग बाकीची सोंगे. वाजंत्री उलट्या पावलांनी मागे सरकत असतात, आणि त्यांच्याकडे तोंड करून सोंग पुढे येते, मागे हटते, गिरकी घेते आणि पुन्हा पुढे येते. एखाद्या दारासमोर ते थांबले की घरातील स्त्री आरतीचे ताट घेऊन खाली उतरते. मारुतीच्या मुखवट्याआड शेजारच्या घरचा मुलगा आहे हे तिला पुरते ठाऊक असते, तरी ती हात जोडते ते मारुतीला. आणि तोच मुलगा घटकाभराने मुखवटा उतरवून, घाम पुशीत, तिच्याच ओट्यावर येऊन बसतो आणि पुढचे सोंग पाहू लागतो. त्याला जागा करून देताना कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

सजण्याच्या घरात शिरण्याची मला मुभा मिळाली. मुखवटे काही लाकडाचे, काही कागदाच्या लगद्याचे. लाकडी मुखवटा हाती घेतला तेव्हा तो कल्पनेपेक्षा कितीतरी जड निघाला. डोक्याला आधी फडके घट्ट गुंडाळायचे, त्यावर मुखवटा बसवायचा, दोऱ्या मानेमागे आवळायच्या, आणि तो हलतो की काय हे पाहण्यासाठी दोघांनी दोन बाजूंनी धरून मान फिरवून घ्यायची, असा क्रम. डोळ्यांच्या फटींतून पायांखालची जमीन दिसत नाही. म्हणून एक माणूस सोंगाच्या शेल्याचे टोक धरून सतत बरोबर चालतो, खड्डा आला की ओढतो, दम लागला की थांबवतो. त्याला सोंग म्हणावे की प्रेक्षक? त्याच्या अंगावर रोजचा सदरा असतो, पण त्याची पावले मात्र सोंगाच्या बरोबरीने पडत असतात.

भीमाचे सोंग गल्लीच्या मध्यावर आले असताना ओट्यावरचे एक वृद्ध गृहस्थ एकाएकी उठून ओरडले, "डावा, डावा आधी!" सोंगाने पाऊल बदलले. चौकशी केली तेव्हा कळले की हे सोंग पूर्वी अनेक वर्षे याच गृहस्थांच्या घराकडे होते. हातातील काठी टेकीत ते खाली उतरले, वाजंत्र्यांच्या शेजारी उभे राहिले आणि मुखवटा नसतानाही भीमाची ती चाल त्यांनी संथपणे करून दाखविली. लोकांनी त्यांनाही तितक्याच आदराने वाट करून दिली. शहरातील नाट्यगृहात असा रसिक मला भेटलेला नाही, कारण तेथे पाहणाऱ्याच्या अंगात ती भूमिका कधी उतरलेलीच नसते.

सोंग कोणी घ्यावे हा मामला मर्जीचा नाही. काही सोंगांचा मान एखाद्या घराकडे वंशपरंपरेने चालत आलेला असतो. काही गावांत सोंगांचा लिलाव होतो आणि बोलीची रक्कम उत्सवाच्या खर्चात जमा होते. कोणी नवस फेडण्यासाठी मुखवटा डोक्यावर घेतो. म्हणजे नाचणारा येथे कलावंत या नात्याने येत नाही. हक्कदार म्हणून, किंवा देवीचा ऋणको म्हणून येतो.

नट आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर मिटवण्याचा प्रयत्न शहरी रंगभूमीवरही झाला आहे. बंगाली नाटककार बादल सरकार यांनी १९७०च्या दशकात 'तिसऱ्या रंगभूमी'चा मार्ग धरून नट आणि प्रेक्षक एकाच पातळीवर, एकाच उजेडात आणले. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी प्रेक्षकाला उठवून नटाच्या जागी उभे केले. या दोघांविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. परंतु त्यांच्याकडे येणारा प्रेक्षक परक्या माणसांत एका संध्याकाळपुरता येतो, आणि म्हणून त्याला सहभागी व्हायला शिकवावे लागते. बोहाड्यात ते शिक्षण लहानपणीच, टेंभ्यामागून धावताना होऊन गेलेले असते. यामुळेच शहरातील महोत्सवांत हे मुखवटे व्यासपीठावर नाचविले जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. नाच तोच असतो, वाद्येही तीच असतात, पण पाऊल चुकले तर ओट्यावरून ओरडणारे कोणी तेथे नसते.

पहाटे देवी आणि महिषासुर यांचे युद्ध झाले. तोवर गल्लीच्या दोन्ही कडा नाहीशा होऊन सारा गाव देवीमागे चालू लागला होता, आणि मीही त्यांच्यात होतो. उन्हे वर आल्यावर ठाण्यासमोर जाजम अंथरून पंच हिशेबाला बसले. बोलीची येणे रक्कम, वाजंत्र्यांची बिदागी, टेंभ्यांचे तेल, रंगाचा खर्च एकेक करून वहीत चढत होता. कामासाठी नाशिककडे गेलेला आणि केवळ बोहाड्यासाठी परतलेला एक तरुण रावणाचे सोंग पुढल्या वर्षी आपल्याला हवे म्हणून पंचांशी हुज्जत घालीत होता, आणि पंच त्याला आधी यंदाची बाकी भरायला सांगत होते.