मॅक की विंडोज? आधी काम ठरवा!

गॅदरिंगचा व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर एडिट करून टाकला, मित्रांनी शेअर केला, आणि आता वाटतंय की यातून चार पैसेही मिळतील. मग पुढचा प्रश्न येतोच: कॉम्प्युटर कोणता घ्यायचा? यूट्यूबवर कुणी सांगतं, 'मॅकशिवाय एडिटिंग नाही.' दुकानदार म्हणतो, 'गेमिंग लॅपटॉप न्या.' आणि पैसे तर येणार असतात घरच्या सोयाबीनच्या पट्टीतून! म्हणून जरा थांबा. तुमचं काम कुणाकडे जाणार, ते आधी ठरवा.

लग्नसराई की पुणे-मुंबई?

नांदेड असो वा लातूर, नव्या एडिटरला पहिलं काम बहुतेक वेळा लग्नाच्या स्टुडिओतच मिळतं. असे कितीतरी स्टुडिओ एडियसवर चालतात. टायटलचे, गाण्यांचे तयार प्रोजेक्टही त्यातलेच. एडियस फक्त विंडोजवर चालतं. स्टुडिओवाल्या दादांनी दिलेला प्रोजेक्ट तुमच्या महागड्या मॅकवर उघडणार नाही. तेव्हा इथेच काम करायचं असेल तर विंडोज घ्या.

पुण्या-मुंबईला जायचा विचार असेल तर प्रीमियर प्रो शिका. ते मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालतं, पण त्याचं भाडं भरत राहावं लागतं. फायनल कट प्रो एकदाच विकत घेता येतं. ते मात्र फक्त ॲपलच्या मशीनवर. रूममेटकडे विंडोज असेल तर दोघांना एक प्रोजेक्ट वाटून करता येणार नाही.

खिसा रिकामा असेल तर डा विंची रिझॉल्व्ह आहे. मॅक, विंडोज, लिनक्स तिन्हींवर चालतं. मोफत आवृत्तीतूनही ४के व्हिडिओ वॉटरमार्कशिवाय निघतो. विंडोजवर त्याला किमान १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. लिनक्सवरची मोफत आवृत्ती मात्र मोबाइलच्या नेहमीच्या एच.२६४ फाइलवर अडते. जुन्या मशीनवर लिनक्स टाकणार असाल तर केडेनलाइव्ह बरं. तेही मोफत आहे.

लाईट गेली तर?

मॅकची बाजू इथे भक्कम आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आली, तेव्हापासून मॅकबुक बॅटरीवरही जवळपास तेवढ्याच वेगाने चालतं. गेमिंग लॅपटॉप चार्जर काढला की मंदावतो. डेस्कटॉप घेतलात तर यूपीएसचे पैसे बाजूला ठेवाच. पण मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. एअरला तर पंखाही नाही. मे महिन्यात लातूरच्या उन्हाळ्यात लांब व्हिडिओ रेंडरला लावला की ते तापून हळू होतं.

जागेचा हिशोबही करा. आयफोनवर ४के, ६० फ्रेमचं एक मिनिट साधारण ४०० एमबी खातं. म्हणजे तीन तासांचं शूटिंग ७२ जीबी! २५६ जीबीच्या लॅपटॉपवर तीन लग्नांत डिस्क भरेल. बाहेरची एसएसडी लागणारच. ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालेल. एनटीएफएस असेल तर मॅक फाइल वाचेल, पण लिहिणार नाही.

मराठीची परीक्षा

हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सांगत नाहीत. पत्रिकेवरचं नाव स्क्रीनवर चुकलं, तर पाहुणे काय म्हणतील? टायटलमध्ये 'विद्यार्थी', 'दुसऱ्या', 'हृदय' टाइप करून बघा. प्रीमियरमध्ये अक्षरं तुटली, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली 'साउथ एशियन' टेक्स्ट इंजिन निवडा.

आणि शेवटचं. २०२० मध्ये ऑस्कर जिंकलेला 'पॅरासाइट' फायनल कट प्रो ७ वर एडिट झाला होता. त्या सॉफ्टवेअरची विक्री २०११ मध्येच बंद झाली होती! त्यामुळे घाई नको. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मित्राच्या मशीनवर आधी एक दहा मिनिटांचा व्हिडिओ शेवटपर्यंत पूर्ण करा. मग दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये स्वतःचं शूटिंग न्या, ते तिथल्या मशीनवर चालवून बघा, आणि चालताना अडखळलं नाही तरच बाबांना फोन लावा.