मनालाही फेरपालट हवी

एकाच शेतात वर्षानुवर्षे एकच पीक घेतले, तर जमिनीचा कस कमी होतो, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. ज्वारीमागून हरभरा घेतला, म्हणजे जमीन पडूनही राहत नाही आणि तिचा कसही टिकतो. मनाचेही असेच आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत तेच काम, तीच काळजी आणि तोच हिशेब चालू राहिला, की मन थकते. थकलेल्या मनाला नुसते रिकामे बसविले, तर ते पुन्हा त्याच काळजीकडे वळते. त्याला दुसरे काही आवडीचे काम द्यावे लागते. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, केवळ आवडीने केलेल्या अशा कामासच छंद म्हणतात.

छंद ही लहान मुलांची किंवा सुखवस्तू लोकांची गोष्ट आहे, प्रपंचात पडलेल्या माणसाला तेवढी सवड कोठून, अशी समजूत खेड्यात पुष्कळ ठिकाणी आढळते. ती कितपत खरी आहे हे जाणण्यासाठी मुंबईच्या उपनगरांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. तेथील असंख्य कुटुंबांची मुळे कोकणातील आणि देशावरील शेतीत आहेत. आणि वेळेची टंचाई तेथे खेड्याहून कमी नाही.

उपनगरातील रविवार

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील नोकरदाराचा दिवस लोकलगाडीच्या वेळापत्रकावर चालतो. पहाटे उठून गाडी गाठावयाची, दिवसभर काम करावयाचे आणि रात्री तशाच गर्दीतून घरी परतावयाचे, हा त्याचा नित्यक्रम. परंतु याच गाड्यांतून टाळांच्या साथीने भजने म्हणत जाणारी मंडळी अनेक वर्षे दिसत आली आहेत. वेगळा वेळ मिळत नाही, म्हणून त्यांनी प्रवासाचाच वेळ आपल्या आवडीसाठी वापरला.

सुटीच्या सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दुसरे एक दृश्य दिसते. सुमारे १०३ चौरस किलोमीटरांचे हे वन एका बाजूस बोरिवली आणि दुसऱ्या बाजूस मुलुंड-भांडुप यांच्यामध्ये पसरले आहे. कान्हेरीची लेणी आणि तुळशी व विहार हे तलाव याच वनात आहेत. तेथे गळ्यात दुर्बीण आणि हातात वही घेतलेले प्रौढ स्त्रीपुरुष झाडांकडे पाहत सावकाश चालताना आढळतात. कोणी हिशेबनीस असतो, कोणी शिक्षिका, तर कोणी निवृत्त कामगार. ते पक्षी पाहावयास आलेले असतात. पूर्वेस मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या वस्तीला लागून ठाण्याची खाडी आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तेथे रोहित पक्ष्यांचे मोठे थवे उतरतात. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हे थवे पाहण्यासाठीही लोक आपली सकाळ राखून ठेवतात. या पाहण्यातून त्यांना पैसा मिळत नाही. तरीही पुढच्या सुटीस ते पुन्हा येतात.

ऐंशी वर्षांचा एक छंद

मुंबईत या छंदाची परंपरा जुनी आहे. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये शहरातील आठ रहिवाशांनी निसर्गाविषयीच्या आवडीतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या संस्थेच्या दारात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा एकदा एक मेलेली चिमणी घेऊन आला. छऱ्याच्या बंदुकीने त्यानेच ती मारली होती आणि तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असे त्याला विचारावयाचे होते. संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांनी मुलाला हाकलून दिले नाही. त्यांनी चिमणीची जात सांगितली आणि संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह त्यास उघडून दाखविला. हा मुलगा म्हणजे पुढे जगभर मान्यता पावलेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली होत.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मामांनी त्यांना वाढविले. पक्ष्यांवर पोट भरेल अशी स्थिती दीर्घकाळ नव्हती. तरुणपणी ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायात होते. १९२६ मध्ये त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पुढे जर्मनीत शिक्षण घेऊन ते १९३० मध्ये परतले, तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली होती. चौतिशीच्या उंबरठ्यावरचा हा गृहस्थ बेकार झाला.

सलीम अली पत्नीसह अलिबागजवळील किहीम या गावी राहावयास गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी नसल्याने वेळ मोकळा होता. तो काळजीत घालविण्याऐवजी त्यांनी घरट्यांसमोर घालविला. पावसाळ्याच्या दिवसांत तासन् तास पाहून त्यांनी प्रत्येक घरट्याची नोंद ठेवली. १९३१ मध्ये हे निरीक्षण संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

१९३९ मध्ये त्यांच्या पत्नी तेहमीना निवर्तल्या. त्यानंतर ते वांद्र्याच्या पाली हिल येथे बहिणीच्या घरी राहू लागले. दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. २० जून १९८७ रोजी ते वारले, तेव्हा त्यांचे वय ९० वर्षांचे होते. म्हणजे सुमारे ऐंशी वर्षे या छंदाने त्यांना साथ दिली. पोरकेपण, बेकारी आणि वैधव्यासारखे दुःख यांतून छंदाने त्यांना वाचविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु या प्रत्येक प्रसंगी सकाळी उठून बाहेर जाण्यास त्यांच्यापाशी एक कारण होते, हे निश्चित.

सुगरणीचा धडा

किहीमच्या त्या निरीक्षणात शेतकऱ्यास मौज वाटेल असे पुष्कळ आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी कोणी पाहिली नाहीत? पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी असल्याने मादीच घरटे विणते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जवळजवळ सर्व विणकाम नर करतो. घरटे अर्धे विणून झाले, की मादी येऊन ते पारखते. तिला पसंत पडले, तर नर ते पूर्ण करतो. मादी अंडी घालून उबवू लागली, की हा गृहस्थ शेजारी दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो!

जन्मभर डोळ्यांसमोर असलेली वस्तू आपण नीट पाहिलेलीच नव्हती, हे अशा वेळी उमगते. छंदाचा आनंद येथेच आहे. त्यासाठी दूर जावे लागत नाही व खर्चही करावा लागत नाही. उपनगरातील माणसाला पक्ष्यांसाठी रविवारची वाट पाहावी लागते आणि गाडी पकडून उद्यान गाठावे लागते. शेतकऱ्यास ते बांधावरच लाभलेले आहेत. नांगरामागे किडे टिपत येणारा कोतवाल, तारेवर बसून माश्या पकडणारा वेडा राघू, गुरांच्या पायांशी घुटमळणारा गायबगळा, रात्री ओरडणारी टिटवी आणि मृगाच्या आधी "पेरते व्हा" असे बजावणारा पावशा हे त्याचे नित्याचे शेजारी आहेत.

यांतील काही पक्षी शेतीस उपकारक आहेत. हरभऱ्यातील घाटेअळी टिपण्यास पक्ष्यांना बसता यावे, म्हणून शेतात पक्षिथांबे उभारण्याचा सल्ला दिला जातो तो याच कारणाने. असा लाभ झाला तर चांगलेच. मात्र छंदाच्या घटकेस लाभ मोजत बसू नये. मोजणी सुरू झाली, की छंदाचे पुन्हा काम होते आणि मनाची फेरपालट तेथेच थांबते.

छंदाने मनाचे काय होते

काळजी नेहमी मागच्या किंवा पुढच्या गोष्टीची असते. गेल्या वर्षीचे कर्ज, येणारा पाऊस, मुलीचे लग्न, बाजाराचा भाव या विषयांवर मन फिरत राहते. फांदीवरचा पक्षी ओळखावयाचा असेल, तर त्याची चोच, शेपटी आणि आवाज यांकडे त्याच क्षणी लक्ष द्यावे लागते. तेवढा वेळ काळजीचे चाक थांबते. विणकाम, बासरी, भजन, चित्रकला किंवा परसबाग यांतही हेच घडते.

शास्त्रज्ञांनीही हा विषय तपासला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२२ मध्ये सुमारे १,३०० जणांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षी दिसल्यानंतर किंवा त्यांचा आवाज ऐकल्यानंतर लोकांना अधिक बरे वाटल्याचे आणि हा परिणाम आठ तासांपर्यंत टिकल्याचे त्यात आढळले. नैराश्याचा आजार असलेल्यांतही हे दिसून आले. २०२३ मध्ये १६ देशांतील ६५ वर्षे व त्यावरील सुमारे ९३ हजार लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद असलेल्यांत नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान अधिक असल्याचे त्यात दिसले. भारत त्या १६ देशांत नव्हता आणि केवळ छंदामुळेच हे घडले, असेही अशा अभ्यासांवरून सिद्ध होत नाही. तथापि अनुभव आणि अभ्यास यांची दिशा एकच आहे.

आरंभ कसा करावा

छंद निवडताना लहानपणी काय आवडत होते, ते प्रथम आठवावे. ज्याला गाण्याची ओढ आहे त्याने पक्ष्यांच्या मागे लागू नये. साधने विकत घेण्याची घाईही करू नये. पक्षी पाहणाऱ्यास डोळे, कान आणि एक वही एवढ्यावर वर्षभर पुरते. तारीख, जागा, पक्ष्याचे गावातील नाव आणि तो काय करीत होता, एवढी नोंद पुरेशी आहे. घरट्याजवळ फार जाऊ नये आणि पक्ष्यास दगड मारू नये, एवढा नियम पाळावा.

वेळ थोडा परंतु ठरलेला असावा. आठवड्यातून एकदा दिवसभर हुंदडण्यापेक्षा रोज पाणी सोडावयास जाताना दिलेली पंधरा मिनिटे टिकाऊ ठरतात. एखादा सोबती मिळाल्यास फार उत्तम. मन जड झाले, की माणूस माणसांपासून दूर जाऊ लागतो. "आज रोहित उतरले, चल," असे म्हणणारा मित्र अशा वेळी त्यास घराबाहेर काढतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी आरंभ स्वतःपासून करावा. दिवसभर इतरांच्या अडचणी ऐकणाऱ्यासही विसाव्याची गरज असते. नंतर आवड असलेल्या चारपाच जणांना एकत्र आणावे. गावातील वृद्धांना पक्ष्यांची स्थानिक नावे व खुणा ठाऊक असतात. शाळेतील मुलांकडून ती लिहून घ्यावी. यात वृद्धास मान मिळतो आणि मुलास ज्ञान मिळते. समिती, स्पर्धा आणि बक्षीस यांची मात्र घाई करू नये. त्यांनी छंदास ओझ्याचे रूप येते.

घरातील स्त्रीचा विचारही येथे अगत्याने करावयास हवा. शेतावरचे काम संपल्यावर पुरुष पारावर बसतो. तिची चूल मात्र तेव्हा पेटलेली असते. गोधडीवरील नक्षी, ओवी, वाचन, फुलझाडे यांपैकी काहीतरी तिच्याही आवडीचे असतेच. नुसते "तूही छंद जोपास" असे सांगितल्याने तिला वेळ मिळणार नाही. घरातील कोणीतरी पाणी भरले, मूल सांभाळले, तरच तो मिळेल.

मर्यादा ओळखावी

छंदाने कर्ज फिटत नाही आणि गेलेले पीक परत येत नाही. त्या अडचणींचा उपाय त्यांच्या जागी शोधावाच लागतो. तसेच प्रत्येक दुःख छंदाने दूर होईल, अशी समजूतही धरू नये. झोप न येणे, जेवणावरून मन उडणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीत गोडी न वाटणे, सतत निराश वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. "जगण्यात अर्थ नाही" असे कोणी बोलू लागला, तर एक दिवसही थांबू नये. त्यास एकटे सोडू नये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात घेऊन जावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. अशा माणसाला "काहीतरी छंद लावून घे" एवढेच सांगून परतणे म्हणजे कर्तव्यात चुकणे होय.

परंतु तेथवर पाळी येण्यापूर्वी, चांगल्या दिवसांतच, मनाला एक आवड लावून ठेवावी. ती संकटाच्या वेळी नव्याने पेरता येत नाही. आधी रुजलेली असावी लागते. पुढच्या पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे अर्धे विणलेले घरटे दिसेल. मोटार चालू करून निघून न जाता तेथे घटकाभर थांबावे. मादी ते पसंत करते की नाही, तेवढे तरी पाहून जावे.