मतं मागायला आलात, तर एवढं सांगा

गंगापूर रोडवर खासगी प्रसूतिगृहं आहेत. तिथलं बिल ज्यांना झेपत नाही, ते नाशिकचं जिल्हा रुग्णालय गाठतात. ऑगस्ट २०१७मध्ये तिथल्या नवजात शिशू कक्षात ५५ बाळं दगावली. बरीचशी खासगी दवाखान्यांतून शेवटच्या घडीला आणलेली होती, असं प्रशासन म्हणालं. पण इनक्युबेटर अवघे १८, आणि एकेकात दोन-तीन बाळं. ओंजळीएवढे जीव, अंगाला अंग लागून! संसर्गाला आणखी काय हवं?

रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं काम मात्र झाडतोडीच्या परवानगीत अडकलं होतं.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण २०११पासून पूर्ण मोफत आहे: सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडायला गाडीसुद्धा. म्हणून दारात आलेल्या उमेदवाराला आईबापांनी थेट विचारावं: रात्री भूलतज्ज्ञ असतो का? औषधं बाहेरून का आणायला लावतात?