आपल्या पिनकोडचं पुस्तक

तीन प्रश्न, गुगल न करता. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ज्यांची सावली पडते, ती पसरट फांद्यांची मोठी झाडं कुठली? पार्क कधी खुलं झालं? आणि कोहिनूर स्क्वेअरचा टॉवर जिथे उभा आहे, तिथे आधी काय होतं?

उत्तरं अशी : रेन ट्री, १९२५ आणि कोहिनूर मिल. एक प्रश्न निसर्गाचा, एक इतिहासाचा, एक समाजाचा. तिन्ही आली असतील तर तुम्हाला सलाम. नसतील तर जरा विचार करा. शेरलॉक होम्सचा बेकर स्ट्रीटचा पत्ता आपल्याला पाठ असतो आणि रोज ज्या कट्ट्यावर बसतो त्यामागचं झाड अनोळखी असतं.

इंग्लंडमध्ये अशा प्रश्नांवरच्या पुस्तकांची मोठी परंपरा आहे. कादंबऱ्या नाहीत, कविता नाहीत. पायवाटा, कुंपणं, पक्षी, गल्ल्या यांच्याबद्दलची साधी, खरीखुरी पुस्तकं. रॉबर्ट मॅकफर्लेन जुन्या पायवाटांवरून चालत पुस्तक लिहितो. हेलन मॅकडोनल्डच्या ‘एच इज फॉर हॉक’ला २०१४ मध्ये सॅम्युअल जॉन्सन पुरस्कार मिळतो. मुळाशी आहे गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक पाद्री. सेलबोर्न हे त्याचं गाव. तिथले पक्षी, किडे, पाऊस यांच्या नोंदी त्याने वर्षानुवर्षं ठेवल्या. दिसायला जवळपास सारखे असलेले तीन चिमुकले पक्षी त्याने नुसत्या आवाजावरून वेगळे ओळखले. १७८९ चं त्याचं पुस्तक आजही छापलं जातं. विषय काय, तर एक गाव!

‘हे सगळं तिकडे असतं, आपल्याकडे कुठे?’ असं म्हणत असाल, तर थांबा.

बारा महिने, एक खिडकी

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ चं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक मराठी महिन्यात झाडं, फुलं, आकाश कसं बदलतं, हे त्यात आहे. मुंबईत ऋतूच नसतात, एक उकाडा आणि एक पाऊस, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं. ‘फुलापानांवरचं मवाळ लेखन’ असं वाटत असेल, तर हेही लक्षात ठेवा : याच दुर्गाबाईंनी आणीबाणीला उघड विरोध केला आणि त्या तुरुंगात गेल्या. बारकाईने बघायची सवय एकदा लागली की माणूस फक्त झाडंच बघत नाही.

१८६३ ची मुंबई

गोविंद नारायण माडगांवकर गोव्याहून लहानपणी मुंबईत आले, इथे शिक्षक झाले. १८६३ मध्ये त्यांनी ‘मुंबईचें वर्णन’ लिहिलं, तेही मराठीत. रेल्वे सुरू होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती, कापडाच्या गिरण्या नव्या होत्या. बाजार, धंदे, देवळं, शाळा, नाना जातीधर्मांची माणसं असं सगळं शहर त्यांनी कागदावर उतरवलं. पुढे १९६१ मध्ये न. र. फाटकांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने काढली. १८९८ ची ही संस्था कुठे आहे माहितीये? दादर पूर्वेला. इंग्रजी सोपं वाटत असेल, तर मुरली रंगनाथन यांचा २००८ चा अनुवाद आहे.

त्या वेळी आजचं दादर नव्हतंच. १८९६ मध्ये प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्त्यांवर उपाय म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या योजनेतून दादर-माटुंग्याचे आखीव रस्ते, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आकाराला आली. म्हणजे आपण ज्या फुटपाथवर वडापाव खातो, तो एका साथीचा परिणाम आहे.

माणसं विचारली की सांगतात

तिसरं उदाहरण पत्रकारिता शिकणाऱ्यांसाठी खास. हेन्री मेह्यू या लंडनच्या पत्रकाराने रस्त्यावरच्या विक्रेत्यांना थेट विचारलं : काय विकता, किती मिळतात, घर कसं चालतं? त्या वार्तांकनातून त्याचं १८५१ चं पुस्तक उभं राहिलं. आपल्याकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांना बोलतं केलं. २००४ मध्ये ते इंग्रजीत पुस्तकरूपात आलं, मराठीत ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ म्हणून. चाळी, खाणावळी, युनियन आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, सगळं ज्यांनी भोगलं त्यांच्याच तोंडून. आणि खास आपल्या एरियाचं हवं असेल, तर शांता गोखले यांचं २०२० चं ‘शिवाजी पार्क : दादर २८’ आहेच.

आता मुद्दा. ही पुस्तकं झाली कारण कुणीतरी वेळेत विचारलं, वेळेत लिहून ठेवलं. गिरण्या गेल्या, पण त्यांच्या आठवणी राहिल्या त्या अशाच. आता आपल्या डोळ्यांसमोर एकेक जुनी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी कुठेतरी लांब भाड्याच्या घरात जातात. त्या मजल्यावर पूर्वी कोण राहायचं, पाणी किती वाजता यायचं, गॅलरीत कुणाचं भांडण गाजलं होतं, हे त्यांच्याबरोबरच जातं. त्याचा बॅकअप कुठेही नाही.

त्यासाठी लेखक असण्याची गरज नाही. व्हाइटकडे वही होती, तुमच्याकडे फोन आहे. या शनिवारी एक काम करा : एक झाड, एक पाटी किंवा एक माणूस निवडा. फुलबाजारातल्या मावशींना माल कुठून येतो ते विचारा. आजीचा आवाज रेकॉर्ड करा, तिची परवानगी घेऊन. तारीख, वेळ, जागा नक्की लिहा, कारण दहा वर्षांनी तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. मग दादर पूर्वेला ग्रंथसंग्रहालयात जा आणि त्याच जागेबद्दल आधी कुणी काय लिहिलंय ते शोधा. काहीच सापडलं नाही, तर तुमची नोंद पहिली.