‘शारीर’ : एका शब्दाची कुळकथा

‘शरीर’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याच्या मुळाचा विचार मनात येत नाही. संस्कृतात ‘शॄ’ हा धातू आहे. त्याचा अर्थ मोडणे, नष्ट करणे. ‘जीर्णशीर्ण’मधला ‘शीर्ण’ याच धातूचा. जे झिजत जाते ते शरीर, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगतात. ‘काय’ हा शब्द मात्र ‘चि’ म्हणजे गोळा करणे या धातूवरून आला. एकाच वस्तूला एकाने झीज पाहून नाव दिले, दुसऱ्याने भर पाहून!

‘शरीर’ला प्रत्यय लागून पहिल्या स्वराची वृद्धी झाली की ‘शारीर’ होते, अर्थ, शरीरासंबंधीचे. वेदान्ताने हा शब्द शरीरात राहणाऱ्या आत्म्याकडे नेला. म्हणून ब्रह्मसूत्रांना ‘शारीरक सूत्रे’ असेही म्हणतात. वैद्यकाने तो हाडामांसापाशी ठेवला. सुश्रुतसंहितेच्या ‘शारीरस्थाना’त दहा अध्याय आहेत. प्रेत गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे. मग कुंचल्याने हळूहळू घासत आतला एकेक अवयव डोळ्यांनी पाहावा, असे तेथे सांगितले आहे. सुश्रुताच्या मते हाडे ३००, चरकाच्या मते ३६०. दातही त्यांत धरलेले असल्याने आजच्या २०६ शी हे आकडे जुळत नाहीत. पण ग्रंथ आणि प्रत्यक्ष दोन्ही हवीत, हा सुश्रुताचा आग्रह आजही पटतो.

पुढे प्रेताला हात लावणे विटाळाचे ठरले. शब्द पोथीत राहिला, पाहणे सुटले. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, ते केवढे धाडस मानले गेले! ते स्वतः सुश्रुत जाणणारे वैद्य होते.

आज आयुर्वेद महाविद्यालयांत ‘रचना शारीर’ व ‘क्रिया शारीर’ असे विषय शिकवतात. पहिल्यात शरीराची घडण, दुसऱ्यात त्याचे कार्य. आमच्या घरी मात्र ‘शरीर’ कोणी म्हणत नाही. ‘अंग दुखतंय’, ‘अंगात ताप हाय’ असेच आई बोलते. ‘अंग’ हाही संस्कृत शब्दच! मूळ अर्थ एखादा अवयव. मराठीत तो सबंध देहाला पुरला. दवाखान्यातल्या फलकावर ‘शारीरिक तपासणी’ वाचून गोंधळणारा माणूस ‘अंग तपासायचंय’ म्हटले की लगेच पुढे होतो.

‘शारीर’ या शब्दाचे वजन कुंचला धरणाऱ्या त्या हातात आहे. परिभाषा पाठ करणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवले, तर तो पुन्हा पोथीत अडकणार नाही.