जुन्या वर्तमानपत्रातील नाटकाची जाहिरात

धानाची कापणी आटोपली की मूल, सिंदेवाही, नागभीड, वडसा या भागात नाटकांचे दिवस सुरू होतात. दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत गावोगावी, बरेचदा शंकरपटाच्या निमित्ताने, रात्रभर नाटके चालतात. ही झाडीपट्टी रंगभूमी. तिचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मात्र तिची कित्येक नाटके पुस्तकरूपाने छापलीच गेली नाहीत. नाटक कोणते, मंडळ कोणते, भूमिका कोणाच्या, तिकीट किती, हे सांगणारा लेखी पुरावा म्हणजे बरेचदा एखादे हस्तपत्रक किंवा वर्तमानपत्रातील जाहिरात. आणि तो ज्या कागदावर छापला आहे, तो कागदच अल्पायुषी आहे.

असे का? लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे लिग्निन असते. लिहिण्याच्या चांगल्या कागदासाठी बहुतेक लिग्निन रसायनांनी काढून टाकतात. बल्लारपूरच्या कारखान्यात बांबूपासून असा कागद तयार झाला. वर्तमानपत्राचा कागद स्वस्त हवा, म्हणून त्यात लाकूड नुसते यंत्रावर दळून केलेला लगदा वापरत. त्यात लिग्निन तसेच राही. प्रकाश आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे लिग्निनपासून पिवळट-तपकिरी पदार्थ बनतात. शिवाय कागदातील आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते. त्यामुळे कागद घडीवर मोडतो. उष्णता आणि दमटपणा यांनी हे काम वेगाने होते.

करून पाहा : आजच्या वर्तमानपत्राच्या तुकड्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि तुकडा उन्हात ठेवा. आठवड्याने दोन्ही भागांची तुलना करा.

विद्यार्थ्यांना पेटीच्या तळाशी किंवा फडताळात अंथरलेली जुनी वर्तमानपत्रे शोधायला सांगा. कात्रणावर साल नसेल, तर ते शोधून काढणे हा उत्तम अभ्यास आहे. समजा, एका जाहिरातीत ‘वडसा, जि. चंद्रपूर’ आणि ‘शनिवार, दि. १४ जानेवारी’ एवढेच आहे. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ च्या सुमारास चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि वडसा त्यात गेले. या काळात १४ जानेवारीला शनिवार १९६७ आणि १९७८ या दोनच वर्षी आला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर साल १९७८, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तिकिटाचा दर आण्यांत असेल, तर जाहिरात बहुधा १९५७ च्या आसपासची किंवा त्याआधीची. लोक जुनी नावे पुढेही वापरत राहतात. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये, दोन-तीन खुणा जुळवून पाहाव्यात.

जतन करताना एवढे पाळावे. शक्यतो जाहिरात कापू नये, पूर्ण पान ठेवावे. त्यावर तारीख आणि वर्तमानपत्राचे नाव असते. चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. टाचणी गंजते. लॅमिनेशन केले की पान पुन्हा सोडवता येत नाही. पान उलगडून, सपाट, चांगल्या कोऱ्या कागदांच्या मध्ये, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावे. वाळवी आणि कसर यांसाठी अधूनमधून पाहणी करावी. सर्वांत आधी पानाचे छायाचित्र घ्यावे.

ते पान कोणाच्या घरी, कोणत्या गावी मिळाले, याची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी. गावातील वयस्करांना जाहिरात वाचून दाखवावी आणि त्यांनी सांगितलेले त्याच नोंदीखाली लिहावे. कागद आपल्या गतीने झिजणारच. त्याआधी त्यावरची माहिती उतरवून घेणे शाळेला सहज जमण्यासारखे आहे.